श्वास धरा

भिशी लागली बत्तीस हजारांची,
आणि घरात कुणाला न विचारता ठरवलं
की ह्या वेळी वॉशिंग मशीन नाही.

ओजस म्हणाला, मावशी, मेगापिक्सेल बघ.
शिंत्रे सिस्टर म्हणाल्या, मोबाईल काय वाईट आहे?
खालच्या मजल्यावरचे राजोपाध्ये
(स्वतः काही विकत घेत नाहीत, पण सगळ्यातलं त्यांना कळतं)
जिन्यात अडवून म्हणाले,
आरशाचे कॅमेरे गेले आता, बिनआरशाचा घ्या.
मी म्हटलं, बघते.
पुण्यात 'बघते' म्हणजे नाही.

ड्यूटी संपवून, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला तसाच,
बोहरी आळीच्या तोंडाशी पाइपांची हातगाडी चुकवत
हातिमभाईंच्या दुकानात शिरले.

त्यांनी आधी नवा ठेवला.
चोवीस मेगापिक्सेल, अठरा-पंचावन्नची लेन्स,
बॅग फुकट, कार्ड फुकट, ट्रायपॉडही फुकट.
हलका. इतका की उचलला
तर करंगळीला जागाच मिळेना,
ती खाली लोंबत राहिली
बसच्या दारात लटकलेल्या पोरासारखी.

हातिमभाई माझ्या करंगळीकडे बघत होते.
मग मागच्या फळीवरून, पिवळ्या फडक्यातून
काढला जुना.
जड. अंगठ्यापाशी रबर गुळगुळीत.
"सतरा हजार क्लिक झालेत बाई, खोटं नाही सांगत.
लेन्स एकच, पन्नासची. झूम नाही.
जवळ हवं असेल तर चालायचं."
चारही बोटं बसली. करंगळीसुद्धा.

अंतराचं मला कुणी शिकवायला नको.
सव्वीस वर्षं, रास्ता पेठेतल्या तळघरात,
छातीचा फोटो बहात्तर इंचांवरून काढते,
इंचभर इकडे नाही, तिकडे नाही.
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास धरा.
भिंतीमागे जाऊन बटण.
सोडा.
माझ्या फोटोंत कुणाला चेहरा नसतो.
बरगड्या असतात, कधी गिळलेलं नाणं,
एकदा एका पोराच्या पोटात कपाटाची किल्ली,
आणि कधी कधी ते पांढरं, जे दिसलं की मी
पाकिटावर नाव जरा जास्त सुवाच्य लिहिते.

चष्मा काढून डोळा लावला. सगळं धूसर.
"तुमच्या चष्म्याला नंबर आहे ना, तसा ह्यालाही असतो,"
त्यांनी कडेची बारकी चकती दाखवली.
म्हणजे आत अजून कुणाचा तरी नंबर होता,
सतरा हजार वेळा ज्यानं एक डोळा मिटला त्याचा.
का विकला, विचारलं नाही.
आम्ही फोटो काढतो, रिपोर्ट सांगत नाही.

चकती फिरवली. तीन टिचक्या.
आणि एकदम
टोपीची सोनेरी कड,
दाढीत अडकलेला बडीशेपेचा दाणा,
डाव्या भुवईवर जुन्या टाक्याची खूण.
माणसं वरून अशी असतात तर.

तोंडातून सवयीनं निघालं,
श्वास धरा.
आणि त्यांनी धरला!
साठीचा माणूस, गल्ल्यामागे,
हनुवटी वर, खांदेसुद्धा पुढे.
खटक.
आत आरसा उडालेला तळहाताला कळला.

मी मागच्या पडद्यात बघत बसले,
'सोडा' म्हणायचं राहून गेलं.
हातिमभाई लाल होत चाललेले,
बाहेर पाइपवाला कुणाच्या तरी स्कूटरला शिव्या देतोय.

एकोणतीस सांगून सत्तावीसला दिला.
ट्रायपॉड नाही. फडकं मात्र दिलं, पिवळं.
उरलेल्या पाचांत
वॉशिंग मशीनचा पट्टा बदलून होईल.

तो पहिला फोटो मी पुसलेला नाही.
हलला आहे.
ते नव्हते हलले.